कमानीखाली उभं कोण राहणार

माझ्या लग्नाचा पुकारा देवळात तीन रविवार झाला आणि त्या देवळाला अजून दारच नव्हतं, ते वर्ष १९५८. देऊळ म्हणजे आमचं चर्च, आणि पुकारा म्हणजे पाळकांनी पुढे उभं राहून विचारायचं, की या मुलीचं लग्न या मुलाशी होणार आहे, कोणाची काही हरकत आहे का. माझ्या लग्नाला हरकत कोणाचीच नव्हती. पण तिन्ही रविवारी दानिएलनाना पारखे उठून उभे राहिले, सगळ्यांच्या माना वळल्या, आणि नाना म्हणाले, "लग्नाला हरकत नाही. दाराला आहे."

दानिएलनाना आमच्या पानसांगवीच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. पोलिसात जमादार होते. पेन्शनीत निघाले तरी शिट्टी त्यांच्या गळ्यातून निघाली नव्हती. देवळाच्या तीन भिंती झाल्या होत्या, वर पत्रे चढले होते, पुढची भिंत दाराच्या दोन खांबांपर्यंत येऊन थांबली होती. त्या खांबांवर काय बसवायचं यावर मंडळीत दोन महिने वाद चालला होता.

वाद आणला होता पाळकसाहेबांनी. अमृतराव उमाप त्यांचं नाव. दोन वर्षं विलायतेला शिकून आले होते आणि येताना बायबलात घालून एक चित्र घेऊन आले होते. करड्या दगडाचं एक देऊळ आणि त्याचं दार वर निमुळतं होत गेलेलं, दोन हात जोडून धरावेत तसं. पाळकसाहेब ते चित्र हातरुमालात धरून दाखवत. माझे बाबा, याकोब शिरसाठ, गवंडी. देवळाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी चुन्याच्या बोटांनीच चित्र घेतलं.

"हे किती जुनं, पाळकसाहेब?"

"हे देऊळ नव्वद-शंभर वर्षांचं. पण पद्धत सात-आठशे वर्षांची. मधली काही शतकं तिकडच्या लोकांनी ती टाकून दिली होती. मग त्यांना वाटलं, आपल्या वाडवडिलांचं होतं तेच चांगलं होतं. म्हणून पुन्हा तसं बांधायला घेतलं."

"म्हणजे मधे रुसवा होता," बाबा म्हणाले.

"रुसवा नाही हो, याकोबराव. फॅशन."

"एकच ते."

दानिएलनानांनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "काय दाखवू राहिलेत आम्हाला? ही तर टाकळीच्या दर्ग्याची कमान आहे. येशूच्या देवळाला पीराचं दार लावायचं का?"

पाळकसाहेब हसले. पण बाकी कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं, की टाकळीच्या दर्ग्याची कमान बांधली होती दस्तगीर मिस्त्रींनी, आणि त्यांच्या हाताखाली दगड घडवले होते माझ्या बाबांनी. दस्तगीर मिस्त्री बाबांचे उस्ताद. आणि आमच्या घरात नऊ वर्षं त्यांचं नाव घ्यायचं नाही असा कायदा होता. मांजर जरी 'दस्त' असं शिंकली असती तरी बाबांनी तिला हाकलली असती.

बाबांना गोल कमान येत होती. विहिरी, मोऱ्या, पाटावरचे पूल त्यांनी डोळे मिटून बांधले होते. टोकदार कमान फक्त उस्तादांची. तिची दोरी कुठून धरायची, खुंटी किती आत मारायची, हे उस्तादांनी कोणाला शिकवलं नव्हतं; आखणी करताना ते सगळ्यांना जेवायला पाठवत. दोन दिवस बाबा खांबांच्या मधल्या मातीत खुंट्या मारून रेघा ओढत बसले. कधी कांद्यासारखं निघालं, कधी टोपीसारखं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "रिबका, टाकळीला जाऊन ये."

मी एकोणीस वर्षांची. लग्न सहा आठवड्यांवर.

"मी? कशाला?"

"हे चित्र दाखव. दार साडेनऊ फूट रुंद आहे म्हणून सांग. दोरीचं माप घेऊन ये. आणि मी पाठवलं असं सांगू नको."

"मग कोणी पाठवलं सांगू?"

"पाळकांनी."

"आणि पाळकांनी विचारलं तर?"

"त्यांना सांग, मी पाठवलं."

टाकळी नदीपलीकडे, दोन कोसांवर. दस्तगीर मिस्त्री अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. उंच माणूस, बसला तरी उंच. दाढी पांढरी, एका डोळ्यात मोतीबिंदू. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी मला पायापासून वर पाहिलं आणि नाकापाशी थांबले.

"याकोबची का?"

"हो, चाचा."

"बाप मेला का?"

"नाही."

"मग तू का आलीस?"

"पाळकसाहेबांनी पाठवलंय."

"पाळकसाहेबांना माझं घर कोणी दाखवलं?"

मी चित्र पुढे केलं. त्यांनी ते चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ नेलं.

"कुठला दर्गा हा?"

"दर्गा नाही, चर्च आहे. विलायतेचं. सात-आठशे वर्षांपासूनची पद्धत आहे म्हणतात."

"विलायतेत?" चाचांनी चित्र उलटं करून मागेही पाहिलं, मागे बांधणाऱ्याचं नाव असेल तसं. "मग तिकडेही कोणी उस्ताद असेल आणि त्याचाही कोणी चेला रुसून बसला असेल. चल, उठव मला."

त्यांनी घरातून लोखंडी गज आणला, अंगणातली धूळ पायाने सारखी केली, साडेनऊ फूट मोजून दोन खडे ठेवले आणि नव्या अंबाडीच्या सुतळीने आखायला लागले. मला जेवायला पाठवलं नाही. मी बघत होते. पहिली रेघ पुसली, दुसरी पुसली. तिसऱ्या वेळी दोन रेघा वर जाऊन अशा भेटल्या, की चित्रातलं दार धुळीत उतरलं. त्यांनी सुतळीला दोन घट्ट गाठी मारल्या.

"एका गाठीत खुंटी, दुसऱ्या गाठीत खडू. खडू खांबाच्या माथ्यावर टेकवायचा, सुतळी ताणायची, जिथे येईल तिथे खुंटी. मग फिरवायची. दोन्ही बाजूंनी तसंच. लिहून घे."

"मला लिहिता येत नाही."

"मलाही नाही. म्हणून तर गाठी." मग त्यांनी सुतळीची गुंडी माझ्या हातात दिली. "पाणी लावू नको. नवी सुतळी भिजली की आखडते आणि वाळली तरी पहिल्यासारखी होत नाही. तुझ्या बापासारखी."

लिहायला मी पुढे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, साक्षरतेच्या वर्गात, नातवाच्या पाटीवर. त्या दिवशी मात्र माझं सगळं शिक्षण त्या दोन गाठींत होतं. म्हणून निघण्याआधी मी माझ्या हाताने गाठींमधलं अंतर मोजून ठेवलं. सहा हात आणि एक वीत.

परत येताना नदीच्या उतारावर पाणी गुडघाभर होतं. मधल्या दगडावर शेवाळ होतं. मी पडले आणि पुरती पडले. चित्र पदरात वर धरलं, ते वाचलं. सुतळी ओटीत होती.

पलीकडे जाऊन मी ती बाभळीवर वाळत घातली. वाळली. मोजली. सहा हात आणि चार बोटं. वितीतली आठ बोटं नदीने ठेवून घेतली होती. पायाने एक टोक दाबून ओढली, बाभळीला बांधून ओढली, देवाचं नाव घेऊन ओढली. ती काही ऐकेना. परत टाकळीला जावं असं मनात आलं, पण दिवस कलला होता आणि चाचांनी बजावलेलं कानात होतं. म्हटलं, घरी जाऊन बाबांना खरं सांगू.

घरी बाबा दारातच बसले होते. त्यांनी सुतळी घेतली, गाठींवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाला म्हातारा?"

"तुम्ही मेलात का, असं विचारलं."

बाबा हसले. नऊ वर्षांत त्या माणसाच्या उल्लेखाने ते पहिल्यांदा हसले, आणि असे हसले, की त्यांना ठसका लागला. "आणखी काय म्हणाला?" मी सगळं सांगितलं. चित्र उलटं करून पाहिलं ते, दर्गा म्हणाले ते, चेला रुसला असेल ते. बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते आणि हसत होते. आता त्या हसण्यात मी नदीची गोष्ट कुठून घालू? राहून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याच सुतळीने आखणी केली. सुताराने तिच्यावरून कालबूत बनवलं. कालबूत म्हणजे कमानीखालचा लाकडी साचा. दगड त्याच्यावर रचत जायचे, सगळे बसले की खालून साचा काढून घ्यायचा. मग कमान आपल्या पायांवर उभी राहते, किंवा राहत नाही.

वीस दिवस काम चाललं. मी चुना मळून देत होते आणि रोज चित्र आठवत होते. कमान जशी वर चढत गेली तसं मला दिसायला लागलं. चित्रातलं दार हात जोडल्यासारखं होतं. आमचं दार हात जोडून, मग थोडे सैल सोडल्यासारखं. टोक खाली राहिलं होतं.

शेवटचा दगड बसला तेव्हा पाळकसाहेबांनी चित्र आणि कमान एका रेषेत धरून एक डोळा मिटला. "जवळजवळ तसंच!"

"जवळजवळ म्हणजे?" दानिएलनाना म्हणाले. "आता तर पुरता दर्गा झाला. आत जाताना चपला काढायच्या का टोपी घालायची?"

"नाना, तुम्ही शिट्टी काढलीत तरी पुरे," बाबा म्हणाले.

लग्न मंगळवारी ठरलं होतं. बुधवारपासून उपासाचे चाळीस दिवस लागत होते आणि त्या दिवसांत आमच्यात लग्न लागत नाही. म्हणून शनिवारी कालबूत काढायचं ठरलं. आणि शनिवार जसा जवळ आला तशी माझी झोप उडाली. लग्नाच्या काळजीने नाही. आमच्या धंद्यात रीत आहे, की कालबूत निघताना कमान बांधणारा तिच्याखाली उभा राहतो. जिने-पायऱ्यांना ही रीत नाही, भिंतीला नाही, फक्त कमानीला. बाबा उभे राहणार होते. माझ्या आठ बोटांच्या खाली.

गुरुवारी सकाळी बाजाराला जाते सांगून मी टाकळी गाठली. चाचा तिथेच, त्याच बाजेवर.

"आता काय? बाप मेला का?"

"चाचा, भिजली."

"कुठे?"

"नदीत. कमरेपर्यंत."

"तुला नाही विचारत. सुतळी किती भिजली?"

मी रडत रडत सांगितलं. आठ बोटं, कमान, टोक, शनिवार. त्यांनी डोळे मिटून धुळीत बोटाने एक रेघ ओढली, तिच्यावर दुसरी ओढली.

"टोक चार-पाच बोटं बसलं असेल. म्हणजे कमान खांबांना बाहेर जास्त ढकलणार." मग डोळा उघडून विचारलं, "कमानीच्या दोन्ही खांद्यांवर भिंत किती चढवलीय?"

"काहीच नाही. बाबा म्हणाले, कालबूत निघाल्यावर चढवू."

"असं म्हणाला?" चाचांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे शिकवलं होतं का मी त्याला?"

"पडेल का, चाचा?"

"नाही पडायची. पडलीच तर... तो उभा राहणार म्हणतो?"

"रीतच आहे ना."

चाचांनी धुळीतल्या रेघा पायाने पुसल्या. मग म्हणाले, "तुझ्या बापाने तुला सांगितलंय का, तो माझ्यावर का रुसला?"

मला अर्धवट ठाऊक होतं. दर्ग्याच्या कमानीचे दगड बाबांनी घडवले आणि रचले होते. कालबूत काढायच्या दिवशी सगळं गाव जमलं. बाबा खाली जाऊन उभे राहिले आणि उस्तादांनी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं, स्वतः जाऊन उभे राहिले. लोक म्हणाले, उस्तादाला चेल्याच्या हातावर भरवसा नाही. बाबा हत्यारं तिथेच टाकून घरी आले, ते नऊ वर्षं परत गेले नाहीत.

"तुझी आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते," चाचा म्हणाले. "घरात तू एकटी, दहा वर्षांची. वरचा दगड मी बसवला होता, त्याने नाही. काही वेडंवाकडं झालं असतं तर? माझी पोरं मोठी होती. म्हणून मी त्याला ओढला."

"मग हे त्यांना सांगितलं का नाही?"

"चारचौघांत काय सांगू? याची बायको गेलीय, पोर लहान आहे, याला मरायला देऊ नका? आणि नंतर तो आला नाही."

"तुम्ही का नाही आलात?"

"मी उस्ताद आहे," चाचा म्हणाले, जसं काही 'मला पाय नाहीत' म्हणावं. मग बाजेवरून खाली उतरले. "तट्टूला पाणी पाज. उद्या पहाटे निघायचंय."

"कुठे निघालात?"

"शिव्या द्यायला."

शुक्रवारी सकाळी पानसांगवीत दस्तगीर मिस्त्री तट्टूवरून आले, पाय जवळजवळ जमिनीला टेकत होते. बाबा चाळणीने वाळू चाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. चाचा उतरले नाहीत. तट्टूवर बसूनच त्यांनी कमानीला एक फेरी मारली, मागून आणि पुढून.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "ही कोणी बांधली?"

"आमच्या याकोबरावांनी."

"शिकला कोणाकडे?"

पाळकसाहेब बाबांकडे बघायला लागले. बाबांची चाळणी थांबली.

"होता एक टाकळीचा," बाबा म्हणाले. "आखणीच्या वेळी जेवायला पाठवायचा."

"जेवूनही अंगी लागलेलं दिसत नाही. खांदे उघडे ठेवलेत! कालबूत काढलं की ही पाय फाकवून बसेल, नदीवर बाया बसतात तशी. दोन्ही खांद्यांवर चार-चार थर चढव. आज आणि उद्या. मग काढ."

"शनिवारी काढायचं ठरलंय," दानिएलनाना म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"मी पंच."

"मग शनिवारी तुम्ही खाली उभे राहा."

कालबूत सोमवारी काढायचं ठरलं.

शुक्रवार आणि शनिवार दोघे म्हातारे, खरं तर बाबा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते, एकमेकांशी एक शब्द सरळ बोलले नाहीत. सगळं माझ्यातून. "पोरी, त्याला सांग, दगड असा बसवायचा असेल तर त्यापेक्षा भाकरी थापावी." "रिबका, त्यांना सांग, भाकरी इथे कोणी मागितली नाही." चार हातांवर दोघे उभे आणि मी मधे, टपालासारखी. दुपारी मी भाकरी दिली तेव्हा चाचांनी विचारलं, "तुझ्या बापाला विचार, मिरची अजून दोन खातो का?" बाबांनी ताटातली एक मिरची उचलून चाचांच्या ताटात ठेवली. रविवारी काम बंद. चाचा देवळाबाहेर चिंचेखाली बसून आतली गाणी ऐकत होते आणि तट्टू डोकं हलवत होता.

सोमवारी सकाळी सगळी मंडळी जमली. माझ्या होणाऱ्या सासरचेही चार जण आले होते. सुतार दोन्ही बाजूंना कालबुताखालच्या पाचरी काढायला बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. त्या प्रार्थनेत कोणीही डोळे मिटले नाहीत, पाळकसाहेबांनीसुद्धा.

आमेन झालं तसे चाचा काठी टेकत जाऊन कालबुताखाली मधोमध उभे राहिले.

बाबा पुढे आले. "उस्ताद, बाजूला व्हा."

नऊ वर्षांनी ते त्यांच्याशी सरळ बोलले.

"तू बाजूला हो, याकोब. सुतळी माझी आहे."

"दगड माझे आहेत."

"मी म्हातारा आहे. माझं काय जायचंय?"

"उस्ताद," बाबा म्हणाले, "पोर आता एकोणीस वर्षांची आहे. उद्या सासरी जाईल."

चाचांचा चांगला डोळा माझ्याकडे वळला. मी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?" त्यांनी बाबांना विचारलं.

"सांगायला कशाला हवं? दोन दिवसांत कळलं होतं."

"दोन दिवसांत? मग नऊ वर्षं काय करत होतास?"

"दोन दिवसांनी यायला उशीर झाला होता," बाबा म्हणाले, आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. टेकूंच्या मधे जागा एकाची होती. दोघांचे खांदे एकमेकांना घासत होते.

"ठोका," चाचा म्हणाले.

सुतारांनी पाचरी ठोकल्या. डावीकडची निघाली, उजवीकडची अडली, मग निघाली. कालबूत दोन बोटं खाली बसलं. कमानीतून 'कट्' असा एकच आवाज आला, चुन्याची पूड खाली आली आणि चाचांच्या दाढीत, बाबांच्या टोपीवर पडली. दानिएलनाना कधी चिंचेपलीकडे गेले ते कोणाला कळलं नाही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, की बाहेर या, सुतळी भिजली होती.

मग आतून चाचांचा आवाज आला.

"याकोब."

"काय, उस्ताद?"

"नाकात चुना गेलाय. शिंक येतेय. शिंकू का?"

"शिंका की. माझी कमान आहे."

"म्हणूनच विचारतोय."

ते शिंकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अशी, की तट्टू दचकला. कमान हलली नाही. चिंचेमागून नानांची शिट्टी वाजली. का वाजवली ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दारातून जाणारी पहिली नवरी मी. दाराशी एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला चाचा उभे होते, आणि मी मधून जाताना दोघेही माझ्याकडे नाही, वर टोकाकडे बघत होते.

त्यानंतर दोघांनी मिळून आणखी दोन कमानी बांधल्या. कमान होईपर्यंत भांडत आणि झाल्यावर जेवत. सुतळीची गोष्ट मी बाबांना कधी सांगितली नाही. चाचांनीही सांगितली नाही.

१९६१ साली रमजानात निरोप आला, की चाचा गेले. मी तेव्हा माहेरीच होते, कडेवर थोरली. बाबांबरोबर टाकळीला गेले. बाबा माती द्यायला गेले, मी बायकांत बसले. परत निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं. बाबा पुढे, मी मागे. मधल्या दगडापाशी बाबा थांबले.

"इथेच पडलीस ना?"

"कधी?"

"सुतळी आणताना."

मी पाण्यातच उभी राहिले. कडेवरची पोरगी खाली उतरायला बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंगठा लावल्याबरोबर. भिजून वाळलेली सुतळी गवंड्याला कळणार नाही?"

"मग त्याच सुतळीवर बांधलीत कशाला? दुसरी आणवायची!"

"दुसरी आणायला तू गेली असतीस. त्याने दुसरी दिली असती. कमान चांगली झाली असती आणि म्हातारा टाकळीतच बसला असता."

"आणि पडली असती म्हणजे?"

"पडणार नव्हती. खांद्यावर वजन टाकायचं मला कळत नाही का?"

"मग टाकलं का नाही?"

"त्याला ओरडायला काही ठेवायला नको?" बाबांनी वाकून ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. बराच वेळ तोंड धूत राहिले.

"आणि मी त्यांना सांगायला गेलेच नसते तर?"

"तू?" बाबांनी मागे वळून पाहिलं. "तुझ्या पोटात दोन दिवस तरी काही राहिलंय का कधी? त्या वेळी वीस दिवस राहिलं, तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, ही पोरगी आता नेमकी शहाणी झाली की काय."

मग त्यांनी माझ्या कडेवरची पोर घेतली आणि पुढे चालायला लागले.

दस्तगीर मिस्त्री १९६१ साली रमजानच्या नवव्या रोज्याला, सकाळी, टाकळीला वारले. माझे बाबा, याकोब शिरसाठ, कोयनेच्या भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, १४ डिसेंबर १९६७ला, पानसांगवीत वारले.